४३व्या वर्षी नोकरी शोधतोय (क्वालिटी, चाकण पट्टा). कुठे चुकतंय?

गेजब्लॉक | १२ मे, रात्री ११:२०

मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

डिप्लोमा मेकॅनिकल, वय ४३. चाकणजवळच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत ११ वर्षं ७ महिने क्वालिटीत काढली, शेवटचं पद असिस्टंट मॅनेजर. आमची मशिनिंगची लाइन परराज्यातल्या प्लांटला हलवली. आम्हा नऊ जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि राजीनामा लिहून घेतला. ३० एप्रिल शेवटचा दिवस. फुल अँड फायनल ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं रोज ऐकतोय.

बारा दिवसांत जॉब साइटवर ८४ ठिकाणी अर्ज टाकले. फोन आले तीन. पहिला विमा विकणारा निघाला. दुसऱ्या बाईंनी ‘रजिस्ट्रेशन’चे २,५०० मागितले. तिसऱ्याने वय विचारलं आणि ‘कळवतो’ म्हणाला. सकाळी पाचला अजून आपोआप जाग येते. बायको झोपेतच ‘डबा?’ विचारते आणि मग तिलाही आठवतं.

शेवटचा इंटरव्ह्यू दिला तेव्हा बायोडेटा सायबर कॅफेत टाइप करून घेतला होता. तोच शेपूट लावत लावत आजवर आणलाय. चार पानी झालाय. नक्की कुठे चुकतंय?

पिठलंभात | १२ मे, रात्री ११:४१

वाईट वाटलं वाचून. धीर धरा, होईल काहीतरी. धागा वर ठेवायला हा प्रतिसाद.

अवलिया७७ | १३ मे, सकाळी ७:०५

मराठी माणूस नोकरीच्या पलीकडे बघायला कधी शिकणार? बारा वर्षांचा अनुभव आहे, स्वतःचं वर्कशॉप टाका. कर्ज मिळतं हल्ली.

जुना फिटर | १३ मे, सकाळी ८:३०

अवलिया, टाकलं होतं मी भोसरीत वर्कशॉप. दोन लेथ, एक ड्रिल. माल दिल्यावर ९० दिवसांनी पेमेंट यायचं आणि कामगारांचा पगार दर सातला. तुम्ही टाकलंय का कधी? नसेल तर या गरीब माणसाचा धागा त्याच्यासाठी सोडा.

गेजब्लॉक, २,५०० भरले नाहीत ना? नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही. मागितले की फोन ठेवायचा.

गेजब्लॉक | १३ मे, सकाळी ९:१०

नाही भरले काका. पण खोटं कशाला सांगू, दहा मिनिटं विचार करत होतो.

पाटीपेन्सिल | १३ मे, दुपारी १:१५

मी एचआरमध्ये आहे, १४ वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, म्हणून भराभर.

८४ अर्ज ही तुमची मेहनत आहे, पण आमच्या बाजूने ते कसं दिसतं ते सांगते. एका जागेला शेकडो अर्ज येतात आणि त्यातले बरेच भलतेच असतात. त्यामुळे आम्ही अर्ज वाचण्याआधी साइटच्या डेटाबेसमध्ये स्वतःच शोधतो. शोधायचा शब्द टाकायचा, मग चाळण्या लावायच्या: ठिकाण, अनुभव, सध्याचा पगार, नोटीस पीरियड आणि प्रोफाइल शेवटचं कधी हाललं. तुमच्या प्रोफाइलमध्ये नोटीस पीरियड काय टाकलाय? बऱ्याच जणांचा जुनाच ‘३ महिने’ राहिलेला असतो. तुम्ही तर उद्या रुजू होऊ शकता. आमच्यासाठी हे मोठं आकर्षण आहे, आणि तेच तुम्ही लपवून बसला असाल.

दुसरं, ‘क्वालिटी’ या शब्दाने कोणी शोधत नाही. पीपॅप (नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी), आयएटीएफ (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक), सप्लायर क्वालिटी, सीएमएम (मापं घेणारं मशिन) असे शब्द टाकून शोधतात. जे खरोखर केलंय ते, आणि ज्या नावाने जाहिरातीत येतं त्याच नावाने लिहा. दोन कॉलमचा, फोटो आणि रंगीत पट्ट्यांचा सुंदर बायोडेटा करू नका. सॉफ्टवेअर तो वाचताना कालवाकालव करतं. साधी वर्ड फाइल बरी.

आणि तो ईमेल पत्ता ‘किंग’ वगैरे असेल तर बदला. हसू नका, दर आठवड्याला एक तरी येतो.

गेजब्लॉक | १३ मे, दुपारी १:५०

ताई, नोटीस पीरियड खरंच ‘३ महिने’ होता. आत्ताच बदलला. ईमेल पत्त्याबद्दल काही बोलत नाही.

नियमावली | १३ मे, रात्री ९:००

नोकरी शोधणं चालू द्या, पण आधी जुनं घर आवरा. दहा मिनिटांचं काम आहे आणि लोक नेमकं तेच विसरतात.

रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र ‘नंतर देतो’ म्हणाले तरी ईमेलवर लेखी मागून ठेवा. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या डाउनलोड करून घ्या, कंपनीचं लॉगिन बंद झालं की रडायची वेळ येते.

पीएफ काढू नका. नवीन नोकरी लागली की त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) ट्रान्सफर करा. कंपनीने ‘एक्झिट डेट’ (नोकरी सोडल्याची तारीख) टाकली का ते पोर्टलवर बघा. ती नसेल तर ट्रान्सफर अडकतो. त्यांनी टाळाटाळ केली तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीने ती तारीख तुम्हाला स्वतः टाकता येते. तुमची पेन्शनची १० वर्षंही भरलीत, म्हणजे तो हक्क पक्का झालाय.

ग्रॅच्युइटी किती वर्षांची धरलीय?

गेजब्लॉक | १३ मे, रात्री ९:२५

११ वर्षांची. शेवटचं बेसिक ३८,००० होतं. २ लाख ४१ हजार येतील असं सांगितलंय.

नियमावली | १३ मे, रात्री ९:४०

चूक. सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरतात. तुमची ११ वर्षं ७ महिने झालीत, म्हणजे १२.

३८,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे वर्षाला २१,९२३. त्याची बारापट २,६३,०७७. जवळजवळ २२ हजारांचा फरक आहे साहेब. हा हिशोब तसाच ईमेलमध्ये लिहून पाठवा, भांडू नका. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, पुढे व्याज लागतं. तरीही नाही दिली तर कामगार कार्यालय आहे.

गेजब्लॉक | १३ मे, रात्री ९:५२

काका, तुमच्या पाया पडतो. ईमेल टाकतोय.

रनआउट | १४ मे, सकाळी ६:२०

मी रांजणगावच्या बाजूला एका प्लांटचा क्वालिटी हेड आहे. आमच्याकडे सध्या जागा नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे अपेक्षा नको. पण गेल्या वर्षात पन्नासेक इंटरव्ह्यू घेतले असतील. तुमच्या बायोडेटातल्या शेवटच्या नोकरीचा भाग इथे टाका, कंपनीचं नाव काढून.

गेजब्लॉक | १४ मे, सकाळी १०:००

मराठी करून टाकतो:

‘इनकमिंग, इनप्रोसेस व फायनल इन्स्पेक्शनची जबाबदारी. ग्राहक तक्रारी हाताळणे. पीपॅप कागदपत्रे तयार करणे. ऑडिटमध्ये सहभाग. टीमला मार्गदर्शन. फाइव्ह एस व कायझनमध्ये सहभाग. मेहनती, प्रामाणिक व दबावाखाली काम करण्याची क्षमता.’

रनआउट | १४ मे, रात्री १०:३०

हे वाचून मला तुमच्या जागेबद्दल सगळं कळलं आणि तुमच्याबद्दल काहीच नाही. अशी जबाबदारी चाकणमधल्या प्रत्येक क्वालिटीवाल्याची असते. तुमच्या खुर्चीत दुसरा कोणी बसला असता तरी त्याने हेच लिहिलं असतं.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. पार्ट कोणता? किती मशिनं, किती शिफ्ट, किती माणसं? ग्राहकाकडचा पीपीएम (दहा लाख पार्टमागे किती नापास) तुम्ही आलात तेव्हा किती होता, निघालात तेव्हा किती? सगळ्यात वाईट तक्रार कोणती होती आणि रात्री किती वाजता कळली? कुठल्या बोअरने (मशिनने केलेल्या भोकाने), कुठल्या लीकने तुमचं डोकं खाल्लं? ऑडिटमध्ये ‘सहभाग’ म्हणजे काय, फाइली उचलल्या की ऑडिटरसमोर बसलात?

जे आकडे आठवतील तेच लिहा. फुगवू नका. मी पुढचा प्रश्न त्या आकड्यावरच विचारतो, आणि फुगवलेला आकडा दोन प्रश्नांत फुटतो. ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर लिहू नका. एका उमेदवाराने जुन्या कंपनीचं कंट्रोल प्लॅन पेनड्राइव्हवर आणून दाखवलं होतं. माणूस हुशार होता. पण उद्या माझंही असंच नेईल, म्हणून घेतलं नाही.

आणि ‘मेहनती, प्रामाणिक’ काढून टाका. असं स्वतःबद्दल कोण लिहीत नाही?

गेजब्लॉक | १६ मे, पहाटे १:१०

दोन रात्री बसलो. डायऱ्या काढल्या. बायको म्हणाली, एवढा अभ्यास डिप्लोमाला केला असतास तर. हे बघा (सीपीके म्हणजे माप मर्यादेत किती टिकून राहतं त्याचा आकडा, जास्त तितका चांगला):

‘अ‍ॅल्युमिनियम कास्टिंग हाउसिंगची मशिनिंग लाइन: ११ सीएनसी, ३ शिफ्ट, १४ इन्स्पेक्टर. ग्राहकाकडचा रिजेक्शन पीपीएम तीन वर्षांत ४२० वरून ६० वर. मुख्य बोअरचा सीपीके ०.९ वरून १.४१ (टूल बदलण्याची वारंवारता व कूलंटचं कॉन्सन्ट्रेशन शिफ्टवार तपासायला लावलं). लीक टेस्टमध्ये चांगले पार्ट नापास होत होते. मास्टर पार्टने दर शिफ्टला पडताळणी सुरू केली. आयएटीएफ ऑडिट दोन वेळा स्वतः ऑडिटरसमोर. १७ नवीन पार्टचे पीपॅप.’

पावणेदोन पानं झाली. लिहिताना पहिल्यांदा वाटलं, की अरे, हे सगळं मी केलंय.

रनआउट | १६ मे, सकाळी ६:१५

आता मी तुम्हाला बोलावलं असतं. जागा नाही ते सोडा. ‘चांगले पार्ट नापास’ वर विचारणार बघा, उत्तर तयार ठेवा.

मोरपंखी_आई | १६ मे, सकाळी ११:३०

वाचनखूण साठवली. मी सहा वर्षांच्या गॅपनंतर अकाउंट्समध्ये परत शोधतेय. गॅपच्या ठिकाणी काय लिहू हेच कळत नाही. कोणी ‘होममेकर’ लिहा म्हणतं, कोणी रिकामं ठेवा म्हणतं.

पाटीपेन्सिल | १६ मे, दुपारी १:१०

मोरपंखी, रिकामं ठेवू नकोस. रिकाम्या जागेत वाचणारा स्वतःच्या मनातलं भरतो. एक ओळ पुरे: अमुक ते तमुक, मुलांच्या संगोपनासाठी विराम. त्या काळात सोसायटीचे हिशोब बघितले असशील, जीएसटी शिकली असशील, तर तीही ओळ. वेगळा धागा काढ, तिथे लिहिते सविस्तर.

गेजब्लॉक, ‘का सोडलं’ याचं उत्तरही दोन वाक्यांत बसवून ठेवा. ‘लाइन दुसऱ्या प्लांटला गेली, इथली टीम बंद झाली.’ संपलं. चहा पाजला, केबिनमध्ये बोलावलं, हे इथे सांगा, तिथे नको. तिथे बोलायला लागलात की थांबता येत नाही, मी बघितलंय.

दोहाकर | १८ मे, दुपारी ४:००

गल्फचा विचार केला का? क्यूसी इन्स्पेक्टरना मागणी असते, मात्र ऑइल अँड गॅसचं वेल्डिंग इन्स्पेक्शन वेगळं आणि तुमचं मशिनिंग वेगळं.

गेजब्लॉक | १८ मे, सायंकाळी ६:३०

गंमत म्हणजे परवाच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. कुवेत, क्यूसी इन्स्पेक्टर, राहणं-जेवण फुकट, इंटरव्ह्यू नाही. ‘व्हिसा प्रोसेसिंग’ला ४५,०००.

दोहाकर | १८ मे, सायंकाळी ७:१०

इंटरव्ह्यू न घेता कोण नोकरी देतं हो? नंबर ब्लॉक करा.

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी: परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा लायसन्स नंबर तपासता येतो. सेवाशुल्कही जास्तीत जास्त ३०,००० अधिक जीएसटी, तेही पावती देऊन. व्हिजिट व्हिसावर ‘आधी या, मग बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. इथे असे अडकलेले आपले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात. आणि कोणी ऑनलाइन पैसे भरून बसला असेल तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन. जितका लवकर तितकी पैसे गोठवण्याची शक्यता.

कृष्णाकाठ | १९ मे, सकाळी ९:००

आमच्याकडे कुपवाड, शिरोली, कागलला फाउंड्री आणि मशिनिंग आहे. पगार पुण्यापेक्षा कमी, पण घरभाडंही कमी. नुसत्या चाकणच्या आजूबाजूलाच बघू नका.

गेजब्लॉक | १९ मे, सकाळी ९:२०

मुलगी दहावीत गेलीय. हे वर्ष तरी पुणे जिल्हा सोडता येणार नाही. रांजणगाव, तळेगावपर्यंत चालेल.

इन्सर्टवाला | २१ मे, रात्री ८:४५

धागा उशिरा बघितला. मी कटिंग टूल विकतो, म्हणजे महिन्याला वीस-पंचवीस कंपन्यांच्या शॉपफ्लोअरवर चहा पितो.

एक सांगतो. जागा रिकामी होणार हे एचआरच्या आधी आम्हाला कळतं. ‘अमक्याने पेपर टाकलाय’, ‘नवीन लाइन येतेय, मशिनं ऑर्डर झालीत’. मशिन आलं की माणूस लागतोच ना? पण जाहिरात दोन महिन्यांनी येते. मधल्या काळात शॉपवरचा मॅनेजर सगळ्यांना विचारत असतो, कोणी चांगला माणूस आहे का बघा. माझ्यासारख्यालाही.

तुमच्याकडे कॅलिब्रेशनला कोण यायचं? सीएमएमच्या सर्व्हिसला? गेज कोण बनवून द्यायचं? प्लेटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला, पॅकिंगवाला? हे सगळे तुमच्याइतकेच इतर दहा कंपन्यांत जातात. आणि तुम्ही कामात कसे आहात हे यांना तुमच्या एचआरपेक्षा जास्त माहीत असतं. किती जणांना फोन केलेत?

गेजब्लॉक | २१ मे, रात्री ९:३०

एकालाही नाही. खरं सांगायचं तर लाज वाटते. बारा वर्षं त्यांनी मला ‘सर, सर’ केलं. आता मीच फोन करून काय सांगू?

जुना फिटर | २१ मे, रात्री ९:५०

वर्कशॉप बंद केलं तेव्हा मी ज्यांना माल द्यायचो त्यांच्याच गेटवर कामाला उभा राहिलो. पहिले दोन दिवस मान वर झाली नाही. तिसऱ्या दिवशी पीस काढायला घेतले, मग कुठली लाज. फोन कर पोरा. पण ‘नोकरी बघा’ म्हणून गळ्यात पडू नको. लाइन गेली, मोकळा आहे, मशिनिंग क्वालिटीत कुठे हालचाल दिसली तर सांग, एवढंच.

इन्सर्टवाला | २१ मे, रात्री १०:०५

काका बोलले तेच. आणि ज्यांना तुम्ही उगाच रखडवलं नाहीत, त्यांना आधी करा. :) सप्लायर ते विसरत नाही.

गेजब्लॉक | ३० मे, रात्री १०:००

अपडेट. यादी केली, ४१ नावं निघाली. रोज पाच फोन. पहिला करायला सकाळचा पाऊण तास लागला, विसावा करताना चहा ढवळत बोलत होतो. दोघांनी उचललाच नाही. एकाने (ज्याचं मटेरियल मी सतत रिजेक्ट करायचो) सगळ्यात जास्त मदत केली, तीन नंबर दिले. म्हणाला, साहेब, तुम्ही माल परत पाठवायचात पण कारण लिहून पाठवायचात.

यातून दोन इंटरव्ह्यू ठरलेत. साइटवरून एक आलाय, नोटीस पीरियड बदलल्यावर. ताई, आभार.

गेजब्लॉक | १० जून, रात्री ११:००

पहिला इंटरव्ह्यू आपटला. लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल.

सुरुवात बरी झाली. पीपीएमचं विचारलं, सांगितलं. लीक टेस्टचंही (रनआउट, तुमच्या तोंडात साखर पडो). मग एका तरुण मुलाने विचारलं, एफएमईएत (काय काय बिघडू शकतं त्याच्या तक्त्यात) कुठलं काम आधी हातात घ्यायचं हे कसं ठरवता? मी म्हटलं आरपीएन (दोषाला दिलेल्या तीन गुणांचा गुणाकार) बघून. शंभरच्या वर असेल तर आधी. तो म्हणाला, ‘अजून आरपीएनच वापरता?’ आणि बाकीचे दोघं वहीत बघायला लागले. पुढे माझी गाडी घसरतच गेली.

आमच्याकडे जुनाच फॉरमॅट चालू होता. हे नवीन काय आहे?

रनआउट | ११ जून, सकाळी ६:३०

२०१९ मध्ये अमेरिकेच्या एआयएजी आणि जर्मनीच्या व्हीडीए या संघटनांनी मिळून एफएमईएचं हँडबुक काढलं. त्यात आरपीएन काढून ‘अ‍ॅक्शन प्रायॉरिटी’ (एपी) आणली. बऱ्याच ठिकाणी जुना फॉरमॅट चालू आहे, तुम्ही एकटे नाही.

कारण समजून घ्या, मग पाठ करायची गरज नाही. दोन दोष धरा. पहिला: सिव्हिरिटी (किती गंभीर) ९, ऑकरन्स (किती वेळा घडतो) ४, डिटेक्शन (पकडणं किती अवघड) २. गुणाकार ७२. दुसरा: ३, ६, ५. गुणाकार ९०. आरपीएनच्या हिशोबाने दुसरा आधी. पण पहिला दोष सुरक्षेचा आहे, दुसरा फार तर थोडा त्रास देणारा. गुणाकारात जीव जाण्याचा धोका आणि खरखरीत पृष्ठभाग एकाच तराजूत बसले. नव्या तक्त्यात आधी सिव्हिरिटी बघतात, मग ऑकरन्स, मग डिटेक्शन, आणि उत्तर आकड्यात नाही तर हाय, मीडियम, लो असं येतं. वरचा पहिला दोष हाय निघतो, दुसरा लो.

आणि पुढच्या वेळी माहीत नसेल तर सरळ म्हणा: ‘आमच्या ग्राहकाकडे आरपीएनच चालू होतं, एपी मी वाचलंय पण वापरलेलं नाही.’ मला असं उत्तर देणारा आवडतो. शंभरच्या वर म्हणजे वाईट, असं ठासून सांगणारा नाही आवडत. त्या शंभरामागे काही शास्त्र नव्हतंच कधी.

पिठलंभात | ११ जून, सकाळी ९:१५

मी बँकेत आहे, यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी पूर्ण वाचलं. +१

गेजब्लॉक | २२ जून, रात्री ९:००

दुसरा इंटरव्ह्यू पालखीने पुढे ढकलला. दिघीकडचा रस्ता बंद, मी दुचाकी लावून तासभर उभा. शेवटी एचआरलाच फोन केला, तर ते म्हणाले, साहेबही पलीकडच्या बाजूला अडकलेत, सोमवारी या. तोवर माउलींचं दर्शन झालं ते वेगळंच.

सोमवारी पावणेदोन तास बसवलं. तांत्रिक भाग शॉपवर उभं राहून झाला, हे मला फार सोयीचं गेलं. एका मशिनवर बोअर गेजने माप घ्यायला लावलं. मी आधी मास्टर रिंग मागितली, गेज शून्याला लावला, मग माप घेतलं. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती मान हलवली.

हा इंटरव्ह्यू कोणामुळे? कॅलिब्रेशनला यायचा त्या पोरामुळे. बोअर गेज त्यानेच तपासलेला होता, स्टिकरवर त्याची सही होती.

काल फोन आला. ऑफर देतायत, सप्लायर क्वालिटीत. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १० लाख म्हणतात. आधी १०.८ होते. ताई, काय करू?

पाटीपेन्सिल | २३ जून, दुपारी १:२०

आधी अभिनंदन! मग ब्रेकअप मागा, तोंडी ‘हो’ म्हणण्याआधी. १० लाखांचे महिन्याला ८३ हजार होत नाहीत.

समजा बेसिक निम्मं, ५ लाख. कंपनीचा पीएफ ६०,००० त्यातच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २४,०५०, तीही त्यातच. व्हेरिएबल १० टक्के असेल तर १ लाख, मिळाले तर मिळाले. उरले ८,१५,९५०, महिन्याला साधारण ६८,०००. त्यातून तुमचा पीएफ ५,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) वजा. हातात ६२,८०० च्या आसपास.

आता जुन्या पगारात व्हेरिएबल होतं का? नसेल तर खरा फरक ८० हजारांचा नाही, त्याहून मोठा आहे. वाटाघाट करायची तर एकाच गोष्टीवर करा. ‘व्हेरिएबल फिक्समध्ये घ्या’ किंवा ‘जुन्या पगाराला जुळवा’. दोन्ही मागितलंत की तो वैतागतो. आणि हातात दुसरी ऑफर नसताना आहे असं सांगू नका. पट्टा छोटा आहे, फोन फिरतात.

जुना फिटर | २३ जून, दुपारी ३:००

सप्लायर क्वालिटी म्हणजे फिरती. गाडीभत्ता विचार. तोच लोक विसरतात.

गेजब्लॉक | २७ जून, रात्री १०:४०

व्हेरिएबल फिक्समध्ये घ्यायला तयार झाले, पण सीटीसी ९.८ केली. गाडीभत्ता किलोमीटरवर, वेगळा. पत्र आलंय, एक जुलैपासून रुजू. ग्रॅच्युइटी बारा वर्षांची हिशोबाने आली, नियमावली काका! पीएफची एक्झिट डेट अजून नाही, जुलैत स्वतः टाकतो.

पगार कमीच झालाय आणि कामाचं ठिकाण सतरा किलोमीटर लांब गेलंय. कंपनीची बस आहे, सकाळी ५:५० ची. बायकोला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आता जाग साडेचारला.

मोरपंखी_आई | २८ जून, सकाळी १०:००

खूप छान वाटलं! मी पण यादी करायला घेतलीय. ऑडिटला यायचे ते आर्टिकलवाले पोरगे आता सीए झाले असतील.

वाळूजचा वाटसरू | ९ जुलै, रात्री ११:५५

हा धागा एका मित्राने पाठवला. मी वाळूजला मेंटेनन्समध्ये आहे. आमच्याकडेही लोकांना केबिनमध्ये बोलावणं सुरू झालंय. माझा नंबर अजून आलेला नाही, पण कालपासून झोप नाही. आत्तापासून काय करू?

गेजब्लॉक | १० जुलै, सकाळी ५:४८

बसची वाट बघत लिहितोय, म्हणून थोडक्यात. पगारपावत्या आजच उतरवून घ्या, आणि कामाची डायरी घरी आणा (तुमची स्वतःची, कंपनीची नाही). आणि हे सांगा, तुमच्याकडे कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसला कोण येतं?